आपण तर दारू पीत नाही, मग हा आजार कसा?

माझ्या फुफीच्या मय्यतीला आलेल्या बायका ओसरीवर बसल्या होत्या. कुणी तसबीह ओढत होतं, कुणी यासीन वाचत होतं. मधल्या वेळात हळू आवाजात तेच बोलणं परत परत होत होतं. "पाच वक्तची नमाजी बाई. घरात कुणी कधी दारूचा थेंब आणला नाही. हिला कसा झाला असला आजार?"

"असला आजार" म्हणजे अन्ननलिकेचा कर्करोग. आमच्याकडे कॅन्सर हा शब्द अजून मोठ्यानं उच्चारत नाहीत. मी त्या वेळी गप्प बसले. मय्यतीच्या घरात शाळा भरवायची नसते. पण समोरच्या कोनाड्यात फुफीची मिश्रीची डबी तशीच होती, आणि थोड्या वेळानं एका बाईनं त्याच डबीतून चिमूटभर मिश्री घेतली आणि बोलता बोलता हिरड्यांना लावायला सुरुवात केली. ते दृश्य काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही. हा लेख त्यातूनच आला आहे.

फुफीला पहिल्यांदा त्रास जाणवला तो रमजान ईदच्या आसपास. "निवाला छाती में अटकताय बेटी," असं ती मला म्हणाली होती. ज्वारीची भाकरी उतरेना, म्हणून ती रश्श्यात कुस्करून खायला लागली. मी शिकलेली, बीएड झालेली, मुलांना विज्ञानाचे धडेही कधी कधी शिकवणारी. मी तिला काय सांगितलं? "पित्त असेल फुफी, आल्याचा गरम गरम चहा घे." बकरी ईदला तिनं मटणाला हात लावला नाही, नुसता शोरबा प्यायला. मोहरमपर्यंत दूध आणि डाळीच्या पाण्यावर आली. तोवर पित्ताच्या गोळ्या झाल्या, काढे झाले, तावीज झाला. शेवटी मिरजेला नेऊन दुर्बिणीतून तपासणी केली, तेव्हा गाठ बरीच वाढलेली होती. डॉक्टरांनी घशाखाली जाळीची नळी बसवली, त्यामुळे काही आठवडे पातळ पदार्थ जाऊ लागले. थंडी संपायच्या आत ती गेली.

तिच्या आजाराचं कारण नेमकं हेच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एका माणसाच्या बाबतीत तसं कुणालाच सांगता येत नाही. काही जणांना कुठलीही सवय नसताना हा आजार होतो. म्हणून आजारी माणसाकडे बोट दाखवण्यासाठी मी लिहीत नाही. पण ओसरीवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते अनेक वर्षांपासून आहे, आणि ते आपल्या मोहल्ल्यापर्यंत पोचलेलं नाही.

आधी थोडी शरीराची माहिती. घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांबीची असते. ती लवचीक असते, त्यामुळे आत गाठ वाढत असली तरी बरीचशी वाट बुजेपर्यंत माणसाला कळत नाही. आधी भाकरी, चपाती, मटण असे घट्ट घास अडकतात, मग भात, मग पाणीसुद्धा. वजन झपाट्यानं उतरतं, कधी आवाज घोगरा होतो. लक्षणं दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून हा आजार इतका जीवघेणा आहे. २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ५ लाख ११ हजार लोकांना तो झाला आणि सुमारे ४ लाख ४५ हजार लोक त्यानं गेले. हे दोन आकडे किती जवळजवळ आहेत ते पाहा.

या कर्करोगाचे मुख्य प्रकार दोन. एक नळीच्या खालच्या टोकाला होतो. त्याचा संबंध लठ्ठपणाशी आणि वर्षानुवर्षं आम्ल वर येण्याशी आहे. श्रीमंत पाश्चात्त्य देशांत तो जास्त दिसतो. दुसरा नळीच्या आतल्या अस्तरातून, बहुतेक वेळा वरच्या आणि मधल्या भागात सुरू होतो. भारतात हाच अधिक आढळतो. याची ठळक कारणं म्हणजे तंबाखू, दारू, सुपारी, आहारात फळं-भाज्यांचा अभाव आणि, बहुधा, फार गरम पेयं.

दारूबद्दल मला आडपडदा ठेवायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समध्ये लियाँ इथे आहे. तिनं १९८८ मध्येच दारूला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. दारू आणि तंबाखू एकत्र आले की धोक्याची नुसती बेरीज होत नाही, तो कितीतरी पटींनी वाढतो. तेव्हा आपला दीन दारूपासून दूर ठेवतो यात आपला खराखुरा फायदा आहे, आणि माझ्या मुसलमान नसलेल्या वाचकांनीही तो घ्यावा असं मला वाटतं. अडचण पुढे आहे. एक दार बंद केलं म्हणजे सगळं घर सुरक्षित झालं, असं आपण धरून चाललो आहोत.

हा समज किती चुकीचा आहे ते पाहायचं असेल तर इराणकडे पाहावं. इराणच्या ईशान्येला, कॅस्पियन समुद्राच्या बाजूला, आज गोलेस्तान नावाचा प्रांत आहे. तिथे तुर्कमेन सुन्नी मुसलमान मोठ्या संख्येनं राहतात. दारू तिथे जवळजवळ नाही, सिगारेटही फार नाही. तरी १९७० च्या दशकात इराणी संशोधकांनी आणि लियाँच्या याच संस्थेनं पाहणी केली, तेव्हा तिथल्या काही भागांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या ठिकाणांत मोडत होतं. वर्षाला दर एक लाखामागे शंभराहून जास्त रुग्ण, आणि त्यात बायकाही पुरुषांइतक्याच. आपल्या ओसरीवरचा प्रश्न तिथल्या बायकांनीही नक्की विचारला असेल.

उत्तर शोधायला संशोधकांना पुढची कित्येक वर्षं लागली. २००४ पासून तिथल्या पन्नास हजारांवर लोकांची नोंद ठेवून त्यांच्या सवयी आणि आजार तपासले गेले. त्यातून एकच एक कारण हाती लागलं नाही, अनेक कारणं लागली. अफूचं सेवन, ताज्या फळांची आणि भाज्यांची कमतरता, दातांची हेळसांड, घरातला धूर, गरिबी. आणि फार गरम चहा. तिथल्या रुग्णांची आणि निरोगी शेजाऱ्यांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी गरम चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत ६५ ते ६९ अंशांचा चहा पिणाऱ्यांत धोका दुप्पट होता आणि ७० अंशांच्या वरचा चहा पिणाऱ्यांत आठपट. ओतल्यावर दोन मिनिटांच्या आत चहा पिणाऱ्यांना, चार मिनिटं किंवा जास्त थांबणाऱ्यांपेक्षा, पाचपट धोका होता. दोन मिनिटांचा फरक! २०१६ मध्ये लियाँच्या संस्थेनं ६५ अंशांच्या वरची पेयं "बहुधा कर्करोगकारक" ठरवली. दोष चहाच्या पत्तीचा नाही, उष्णतेचा आहे. रोज पोळणाऱ्या अस्तराला रोज नवी कातडी धरावी लागते, आणि अशा सततच्या दुरुस्तीत कधीतरी पेशींचं गणित चुकतं.

काश्मीरचीही गोष्ट अशीच. तिथेही मुसलमान बहुसंख्य, दारू कमी, आणि अन्ननलिकेचा कर्करोग कित्येक दशकं सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक. समोवारमधली कढत नून चाय आणि हुक्का या दोन्हींकडे तिथल्या संशोधकांनी बोट दाखवलं आहे.

आता विट्याला परत येऊ. आपल्याकडे समोवार नाही, अफू नाही. आपल्याकडे मिश्री आहे, मावा आहे, आणि दर तासाला चहा आहे.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. तिला आपण दात घासायची पूड समजतो, म्हणून ती व्यसनात मोजलीच जात नाही. ज्या घरात सून सिगारेटला हात लावेल ही कल्पनाही कुणी करणार नाही, त्या घरात सासू, सून, नणंद तिघी परसात बसून मिश्री लावतात. मिश्रीची सगळी लाळ थुंकली जात नाही. बोलता बोलता ती गिळली जाते आणि अन्ननलिकेच्या पूर्ण लांबीवरून खाली जाते. हे दिवसातून तीन-चार वेळा, चाळीस वर्षं.

तंबाखू चघळण्याचा आणि या कर्करोगाचा संबंध कुठल्या दूरच्या देशातून आलेली बातमी नाही. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या रुग्णांचा अभ्यास करून डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये तंबाखू ओढणं, चघळणं आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागाचे कर्करोग यांच्यातलं नातं मांडलं होतं. माझी फुफी तेव्हा जन्मलीही नव्हती. आणि २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे ३२ टक्के पुरुष आणि सुमारे १७ टक्के स्त्रिया धूर न होणारी तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात वापरताना आढळल्या. खानोलकरांचं म्हणणं साठ वर्षांत आपल्या परसापर्यंत पोचलं नाही.

पुरुषांचा मावा वेगळा. सुपारीची कात्रणं, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून पानपट्टीवाला तळहातावर घासतो. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या पोरांना विचारा. मागाच्या खडखडाटात पहाटे तीन वाजता डोळा उघडा ठेवायला मावा लागतो, असं ते सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात राहणारी आपली माणसंही गावाकडची ही पुडी सोडत नाहीत. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी सुगंधी सुपारीची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी शेजारी शेजारी लटकलेली दिसते. दोन्ही तोंडात ओतल्या की झाला गुटखा.

"मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खाते," असं म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट सांगते. लियाँच्या संस्थेनं सुपारीलाही पहिल्या गटात घातलेलं आहे, आणि तंबाखू नसलेला सुपारीचा विडासुद्धा तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचं कारण मानला आहे. देशात अन्ननलिकेच्या कर्करोगाचं सर्वाधिक प्रमाण मेघालयातल्या पूर्व खासी हिल्स जिल्ह्यात नोंदलं गेलं आहे, आणि तिथे कच्ची सुपारी घरोघरी खातात. आपल्या निकाहच्या दावतीत बिर्याणीनंतर गोड सुपारीची ताटली फिरते, आणि चार-पाच वर्षांची लेकरं त्यात मूठ घालतात. सवय तिथून लागते.

तंबाखूनं आपल्या जिल्ह्याकडून काय घेतलं हे सांगायला फार दूर जावं लागत नाही. शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील, सगळ्यांचे आबा, राज्याचे गृहमंत्री आणि उपमुख्यमंत्री झाले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगानं ते गेले. वय अवघं ५७. त्या दिवशी विट्यातही दुकानं बंद होती आणि माणसं रडत होती. दुसऱ्या दिवशी पानपट्ट्या उघडल्या, आणि त्याच माणसांनी मावा मागितला.

चहाचं मी स्वतः करून पाहिलं. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक घेतला आणि आठवीच्या मुलींना घेऊन स्टाफरूमच्या चहात बुडवला. किटलीतून कपात पडला तेव्हा पारा ८० च्या वर. ६५ च्या खाली यायला सहा-सात मिनिटं लागली. मग एका मुलीनं तोच गरम चहा बशीत ओतला. दीड-दोन मिनिटांत पारा ६० च्याही खाली. मुली हसायला लागल्या, कारण त्यांच्या दादा-दादी अजून बशीतूनच चहा पितात आणि या मुली त्यांना गावंढळ म्हणतात. बशी आपल्या जुन्या माणसांची शहाणी सवय होती. टपरीवरच्या कागदी कपानं आणि काचेच्या ग्लासानं ती घालवली. आता आपण उभ्या उभ्या, तोंड पोळत, दोन घोटांत चहा संपवतो आणि त्यालाच कडक म्हणतो.

खाण्याबद्दल दोन गैरसमज आहेत. काही जण म्हणतात, मुसलमान मटण खातात म्हणून त्यांना हे रोग होतात. मांस आणि कर्करोग यांचा जो संबंध संशोधनात पुढे आला तो प्रामुख्यानं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी आहे, आणि त्यातही टिकवून ठेवलेल्या, प्रक्रिया केलेल्या मांसाशी सर्वांत स्पष्ट. दुसरा गैरसमज तिखटाचा. मिरचीला शिव्या देऊन आपण तंबाखूची सुटका करतो. आपल्या दस्तरखानात खरी उणीव आहे ती हिरव्या भाजीची आणि फळांची. तासगावची द्राक्षं आणि आटपाडीची डाळिंबं परदेशात जातात, आणि त्याच भागातल्या आपल्या घरांत फळ येतं ते रमजानमध्ये किंवा कुणी आजारी पडलं तर. मेथी, चाकवत, शेपू बाजारात महाग नाहीत. पण दावत म्हटली की भाजी वाढणं आपल्याला कमीपणाचं वाटतं.

आता दीनबद्दल. मी आलिमा नाही, एक मास्तरीण आहे. चुकले तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

हलाल-हराम हा प्रश्न आपण फार बारकाईनं विचारतो. बिस्किटात काय घातलंय, औषधाच्या कॅप्सूलचं जिलेटिन कशाचं आहे, हॉटेलातलं मटण कुणी कापलं. हे विचारावंच. पण पदार्थ घशाखाली गेल्यावर त्या शरीराचं काय करतो, हा प्रश्न आपण विचारत नाही. शरीर ही अमानत आहे, स्वतःच्या हातानं स्वतःला नाशात ढकलू नये, स्वतःला आणि दुसऱ्याला इजा करू नये, ही शिकवण लहान मुलांच्या मदरशातही दिली जाते. तंबाखू पैगंबरसाहेबांच्या काळात नव्हती, हे खरं. ती आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. असद बेगनं लिहून ठेवलंय की त्यानं विजापुरातून तंबाखू नेऊन अकबर बादशहासमोर ठेवली, तेव्हा दरबारातल्या हकिमानं बादशहाला रोखण्याचा प्रयत्न केला होता. १६१७ मध्ये जहांगीरनं तंबाखू ओढण्यावर बंदीही घातली. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी, आजचं विज्ञान हाताशी नसताना, मुसलमान हकीम आणि बादशहा याबद्दल सावध होते. मकरूह की हराम हा वाद उलमांनी त्यांच्या काळातल्या माहितीवर केला. आज माहिती बदलली आहे, आणि अरब देशांतल्या अनेक मुफ्तींनी तिच्यावरून स्पष्ट निर्णय दिलेला आहे.

गरम खाण्याबद्दल तर आपल्याकडे फार जुनी शिकवण आहे. अन्नपाण्यात फुंकर मारू नये असं हदीसमध्ये येतं. हजरत अस्मा बिन्ते अबू बक्र यांच्याबद्दल असं नोंदलेलं आहे की त्या सरीद तयार झाल्यावर वाफ जाईपर्यंत झाकून ठेवत, आणि त्यात जास्त बरकत असल्याचं त्यांनी पैगंबरसाहेबांकडून ऐकल्याचं सांगत. फुंकर मारायची नाही आणि गरम गिळायचं नाही, म्हणजे थांबायचं. आपण खजूर सुन्नत म्हणून खातो, तीन घोटांत पाणी सुन्नत म्हणून पितो. मग चहासाठी पाच मिनिटं थांबणंही त्याच भावनेनं का करू नये?

कुणी म्हणेल, आमची नानी ऐंशी वर्षं मिश्री लावत होती, नव्वदीत गेली. मान्य. डोळे मिटून हायवे ओलांडणारा प्रत्येक माणूस गाडीखाली सापडत नाही, म्हणून आपण लेकरांना डोळे मिटून रस्ता ओलांडायला शिकवत नाही. कुणी म्हणेल, सगळं तकदीर. तेही मान्य. पण आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवणही आपलीच आहे.

फुफीवर मला राग नाही, तो मी तिच्यावर कसा करू? पहिल्या बाळंतपणानंतर दाढ दुखत होती तेव्हा कुणीतरी तिला मिश्री दिली. डॉक्टरकडे न्यायला कुणाला सवड नव्हती. पुढे ती तिच्या दिवसातली एकमेव सुट्टी झाली. पहाटेपासून रात्रीपर्यंत घरात राबणाऱ्या बाईला मिश्रीची ती दहा मिनिटं कुणी हाक मारायचं नाही. भूकही थोडी मारली जायची. म्हणून बायकांना "सोडा" असं ओरडून काही होणार नाही. त्यांची दाढ दाखवायला न्या. त्यांना दहा मिनिटं बसू द्या, मिश्रीशिवाय.

आणि तिला सोडता आलं असतं, हे मला आज जास्त सलतं. चाळीसच्या वर रमजान तिनं पूर्ण रोजे धरले. सहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास मिश्री नाही, चहा नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हातही नाही. मगरिबची अजान झाली की खजूर, भजी, मग वाफाळता चहा घटाघट, आणि मग डबी. जी बाई एक महिनाभर रोज चौदा तास सवयीला नाही म्हणू शकते, तिची इच्छाशक्ती कमी होती असं कोण म्हणेल? ते चौदा तास पंधरा कर, मग सोळा कर, ईदनंतरही सुरू ठेव, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. मीही नव्हते. मी तिच्यासाठी ईदला चांगली चिनी मातीची मिश्रीची डबी आणली होती.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. रमजानच्या आधीच्या एका जुम्म्याला प्रत्येक मशिदीत तंबाखू, मावा आणि मिश्री या तिन्हींचं नाव घेऊन बयान व्हावं. नुसतं "नशा वाईट" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दारूच येते. तरावीहनंतर मशिदीबाहेर जो घोळका जमतो तिथे माव्याऐवजी कलिंगडाची फोड फिरू दे. बायकांच्या इज्तिमात दुपट्टा किती आणि कसा यावर तासभर बोलतो, तिथे मिश्रीवर पंधरा मिनिटं बोलू या. दावतीतली सुपारी बंद करू या, त्याची जागा बडीशेप घेईल.

आणि लेकरांना पुडी आणायला पाठवणं थांबवू या. मी वर्गात विचारलं, "घरच्यांसाठी तंबाखू, मिश्री, पुडी दुकानातून कुणी आणलीय?" अर्ध्याहून जास्त हात वर आले, तेही हसत हसत. अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे. पण दुकानदाराच्या आधी पैसे देऊन पोराला पाठवणारा हात आपला असतो.

ज्यांना सोडायचं आहे त्यांच्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, १८००-११-२३५६. हा क्रमांक तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. सोडल्यावर धोका एका दिवसात जात नाही, पण वर्षागणिक कमी होत जातो. आणि घास अडकत असेल, दोन-तीन आठवड्यांत बरं वाटत नसेल, तर पित्त म्हणून घरी बसू नका. दुर्बिणीची तपासणी काही मिनिटांची असते. खर्चाची भीती वाटत असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरचे उपचार येतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. आपल्याकडे केमोसाठी चंदा लगेच गोळा होतो, अल्हम्दुलिल्लाह. त्याच्या आधीच्या पाच वर्षांत दोन शब्द सांगायला मात्र कुणी जात नाही.

फुफीच्या चाळिसाव्याला मी परत त्या घरी गेले. डबी कोनाड्यातच होती. मी ती उचलली, परसात जाऊन रिकामी केली, धुतली आणि त्यात बडीशेप भरून ठेवली. तिची थोरली सून बघत होती. काही बोलली नाही. संध्याकाळी निघताना तिनं मला हळूच विचारलं, "आपा, सोडल्यावर डोकं दुखतं का फार?"

मी म्हटलं, "थोडे दिवस दुखतं. रोज्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखतं तसं."

"तेवढं सोसतो की आपण," ती म्हणाली.